वर आठ, उजवीकडे तीन

वहीत चार रकाने आहेत: तारीख, काडतूस, दुर्बीण, शेरा. सात आठवड्यांपूर्वी जी नोंद करायला हवी होती, तिचे पहिले तीन रकाने आज भरले.

शुक्रवार. जड. वर आठ, उजवीकडे तीन.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद. त्यात मावेल असं लिहून पाहिलं.

शेरा: परत फिरवायचं राहिलं.

खरं आहे. पण हे वाक्य दूध आणायला विसरलेल्या माणसाचं आहे. खोडलं.

शेरा: घाई होती. लिफ्टमध्ये माणसं अडकली होती.

हेही खरं. चार माणसं, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. पण त्या चौघांचा यात काही दोष नाही. खोडलं.

रकाना पुरत नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

*

रायफल एक आणि आम्ही दोघं. वडिलांनी मागे ठेवली ती अशीच. ताई एकोणसाठ वर्षांची, तिचं औषधांचं दुकान आहे. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, लिफ्ट दुरुस्त करतो. ती मला बारक्या म्हणते, त्यामुळे नेमबाजीच्या क्लबात सगळेच म्हणतात. केस गेले, पोट आलं, नाव तेच राहिलं.

ताई हलकी गोळी वापरते, मी जड. रायफलला दोन्ही चालतात, पण दोन्ही ती एकाच जागी नेऊन ठेवत नाही. दुर्बीण ताईच्या गोळीवर लावलेली असताना मी माझी मारली, तर शंभर मीटरवर ती तीन बोटं खाली आणि अंगठाभर डावीकडे लागते. म्हणून माझी पाळी आली की दुर्बिणीवरच्या दोन टोप्या फिरवायच्या. वरची टोपी आठ क्लिक वर, बाजूची तीन क्लिक उजवीकडे. तिची पाळी आली की तेवढंच परत. क्लिक हाताला कळतो आणि कानालाही. मग तीन गोळ्या मारून कागद बघायचा. तीनही मध्ये असल्या तर दुर्बिणीवर पट्टी चिकटवायची, हिरवी तिची, लाल माझी. आणि वहीत लिहायचं.

क्रम ताईने ठरवलेला. आधी फिरवणं, मग तीन गोळ्या, मग पट्टी, मग वही. पट्टी कधीही आधी नाही. पट्टी दिसली की पुढच्याने डोळे मिटून विश्वास ठेवायचा, म्हणून.

आमच्या क्लबात वर्षातून एकदा एक सामना होतो, त्याला कोरा डाव म्हणतात. सरावाची एकही गोळी मारायची नाही. लांबचं बघायची दुर्बीण टेबलावर ठेवायची नाही. आलात, आडवे झालात, वीस गोळ्या मारल्यात, उठलात. सगळ्यांचं झाल्याशिवाय कागद परत येत नाहीत. रायफल आधी नीट लावून आणली असेल तर आणली, नसेल तर नाही. आमच्याकडे रायफल एक, म्हणून एक वर्ष तिचं, एक माझं. यंदा तिचं होतं. आणि सामन्याच्या आठवड्यात दुसऱ्याने रायफलीला हात लावायचा नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं.

*

शुक्रवारी का गेलो?

शेरा: काम लवकर संपलं, वाटेत क्लबाची रेंज होती.

रेंज माझ्या कुठल्याच वाटेत नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. खोडलं.

शेरा: नवीन काडतुसं आली होती, ती तपासायची होती.

काडतुसं दोन महिन्यांची जुनी होती. खोडलं.

गेल्या वर्षी माझ्या पाळीत मी अकरावा आलो. त्याच्या आदल्या वर्षी ताई दुसरी आली होती, एकशे शहाऐंशी गुण. मला तो आकडा मारून बघायचा होता, कुणी बघत नसताना. आला असता तर सांगितलं असतं, नसता आला तर गेलोच नव्हतो. एवढंच होतं. हे लिहायला तीन शेरे लागले.

रेंजवरच्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. रायफल काढली, हिरवी पट्टी सोलली, वर आठ, उजवीकडे तीन. आडवा झालो, वीस मारल्या. एकशे एकाहत्तर.

मग तोंड कडू करून बसलो होतो तेवढ्यात फोन आला. लिफ्ट बंद पडली, आत माणसं, एकाला दम लागतोय. मी उठलो आणि सगळ्यात आधी हिरवी पट्टी चिकटवली. आधी पट्टी. कारण ती नसती तर लगेच दिसलं असतं. पुरावा आधी मिटवला, काम नंतर करणार होतो. मग बॅग भरली, रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि पळालो. टोप्या तशाच.

लिफ्टमध्ये दम कुणालाच लागला नव्हता. एक गृहस्थ बाकी तिघांना आपल्या जावयाबद्दल सांगत होते, आणि दार उघडलं तेव्हा ते तिघं माझ्याकडे धावत आले. मी हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो. शनिवारीही टोप्यांची आठवण आली नाही.

रविवारी अकरा वाजता कागद परत आले, तेव्हा आली.

*

क्लबाच्या सेक्रेटरीला आम्ही कर्नल म्हणतो. आयुष्यभर पोस्टात होता, मिशा तेवढ्या कर्नलच्या. त्याने ताईचा कागद उजेडासमोर धरला.

"औषधवाल्या बाई, अहो हा ग्रुप बघा! वीसच्या वीस चहाच्या कपाखाली झाकले जातील. पण घर चुकलं की हो. शेजाऱ्यांच्या अंगणात गेलात!"

लोक हसले. भोकं सगळी एकमेकांना खेटून होती, मध्यापासून वर आणि उजवीकडे. एकशे सेहेचाळीस गुण. हात चुकला की भोकं विखुरतात. ही विखुरलेली नव्हती. म्हणजे हात ठीक होता, दुर्बीण नव्हती, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

ताईने रायफल उचलून टोपीवरचे आकडे बघितले.

"हे तर तुझ्या गोळीवर आहे." तिने वर बघितलं. "बारक्या, तू हात लावला होतास का?"

सात-आठ जण होते. कर्नल होता. मला वाटलं, हो म्हणायला तोंड उघडतोय.

"नाही," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "छे, या आठवड्यात मी कशाला लावू?"

तिने मान हलवली. एका क्षणात पटलं तिला. तिला माझं म्हणणं पटायला कधीच वेळ लागत नाही. मग तिने ही वही काढली. गुरुवारची नोंद तिच्याच अक्षरात: हलकी, शून्य, तीन गोळ्या, एकच भोक. ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग मीच. मारून झाल्यावर पुन्हा फिरवलं असणार. पण कशाला फिरवलं असेल मी?"

ती हसली. बाकी कुणी हसलं नाही, कारण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मी हसलो.

*

हे कळायला आईचं सांगायला हवं.

आई एकसष्टाव्या वर्षी एका आठवड्यात तेच कुलूप तीनदा विकत घेऊन आली. तेव्हा आम्ही चेष्टा केली होती, मीच जास्त. पुढची नऊ वर्षं ताईने काढली. मी रविवारी जायचो. शेवटी शेवटी आई ताईला "अहो बाई" म्हणायची आणि मला मात्र ओळखायची. त्याचा मला आनंद व्हायचा, हेही इथे लिहून टाकतो.

*

पहिला आठवडा: ताईच्या दुकानात कागदाचे कपटे दिसायला लागले. "गॅस बंद, ९.१०." "शटरला दोन कुलपं, दोन्ही लावली." मी म्हणालो, हे काय नवीन. ती म्हणाली, काही नाही रे, सवय.

दुसरा: गाडी चालवणं बंद. "सिग्नलला माझं लक्ष असतं की नाही, मला सांगता येत नाही," म्हणाली. मी तिला सोडायला-आणायला लागलो. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, भाऊ असावा तर असा.

तिसरा: "सांगू उद्या" असं ठरवलं. चौथा: उद्या उलटून गेल्यावर सांगणं आणखी जड झालं, कारण आता "का नाही बोललास" याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. प्रत्येक दिवसाने त्या उत्तरात आणखी एका दिवसाची भर घातली.

पाचव्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

तिला पाच शब्द सांगून नंतर विचारले, पाचही आले. घड्याळ काढायला लावलं, काढलं. शंभरातून सात-सात वजा करत ती पार खाली गेली. "औषधवाली आहे मी, गोळ्या मोजण्यात जन्म गेला," म्हणाली तेव्हा डॉक्टर हसले. मग त्यांनी तिला रक्त द्यायला आतल्या खोलीत पाठवलं आणि माझ्याकडे वळले.

"तुम्ही जवळचे. घरच्यांना काही जाणवतं का? विसरणं वगैरे?"

इथे पेन थांबतं.

नाही म्हटलं, तर ते विचारणार, मग या आल्या कशाला? मग रायफलीची गोष्ट निघणार, मग कपाटाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे, मग मी. एवढं सगळं डोक्यात यायला किती वेळ लागतो? लागलाच नाही.

"कधी कधी," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

ताई बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "चाचण्या चांगल्या आहेत. पण आपण लक्ष ठेवू. सहा महिन्यांनी पुन्हा या." गाडीत सिग्नलला मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "'पण' म्हणाले ना ते, ऐकलंस?"

"अगं, डॉक्टर असंच बोलतात."

"नाही रे. त्याच आवाजात आईच्या वेळीही म्हणाले होते."

तो "पण" कुठून आला, हे त्या गाडीत एकट्या मला माहीत होतं. मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

*

सहाव्या आठवड्यात तिने दुकान सोपवायचं ठरवलं. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई आहेत, त्यांनाही औषधांचं शिक्षण आहे, हुशार आहेत. सोमवारी सकाळी कागदांवर सही.

"उद्या कुणाच्या पुडीत मी चुकीची गोळी टाकली तर?" ताई म्हणाली. "कागदावर गोळी इकडेतिकडे लागली तर क्लबात हसतात. इथे हसणार नाहीत."

आणि रविवारी, म्हणजे काल, तिने मला रेंजवर नेलं. रायफल मला द्यायला.

"तुझ्या गोळीवर लावून टाकू. कायमची. मग ती पट्ट्यांची भानगडच नको."

रेंजवर आम्ही दोघंच होतो. तिने रायफल टेकणीवर ठेवली, टोपीचं झाकण काढलं आणि बोटं ठेवून थांबली.

"वर आठ, उजवीकडे तीन. बरोबर ना?"

हे आकडे तिनेच शोधून काढलेले. अठरा वर्षांपूर्वी, एका थंडीत, दोन्ही काडतुसांच्या चाळीसेक गोळ्या मारून.

"बरोबर," मी म्हणालो.

"तू मोज. मी फिरवते, पण मोजणं तू कर. माझा भरवसा नाही."

एक. दोन. मी मोठ्याने मोजत होतो. ती प्रत्येक क्लिकला माझ्याकडे बघत होती. तीन. चार. पाच.

"ताई, त्या शुक्रवारी मीच फिरवलं होतं."

तिचं बोट टोपीवरच राहिलं.

"कुठल्या शुक्रवारी?"

"कोऱ्या डावाच्या आधीच्या. मी येऊन गेलो. परत फिरवलं नाही. पट्टी मात्र हिरवी लावली."

ती टोपीकडे बघत म्हणाली, "किती झाले?"

"काय?"

"क्लिक, बारक्या. किती झाले?"

"पाच."

तिने सहा, सात, आठ केले. मग बाजूची टोपी, एक, दोन, तीन. स्वतःच मोजले, ओठ हलवून. मग झाकण लावलं.

"कशाला आला होतास?"

"तुझा स्कोअर मारून बघायचा होता."

"किती आले?"

"एकशे एकाहत्तर."

"त्या जड गोळीने?"

"हो."

"बरे आहेत," ती म्हणाली.

मग ती बाकावर बसली. आवाज अडवायला कानांवर घातलेलंही तिने काढलं नाही. मला वाटलं रडेल. तिने चप्पल काढून मारली असती तर मी उभा राहिलो असतो. ती नुसती श्वास घेत होती. गोळी मारायच्या आधी घेते तसे, अर्धा सोडायचा, थांबायचं.

"सात आठवडे," ती म्हणाली. "मी रोज गॅसवर हात ठेवून बघते, गरम आहे का. अंघोळ केली की टॉवेल ओला आहे ना, ते बघते. माझ्या घरात मी पोलिसासारखी फिरतेय रे माझ्यामागे. आणि तू मला गाडीतून सोडायचास."

"चुकलं माझं."

"चुकलं काय म्हणतोस? टोप्या विसरलास, ते चुकलं. नंतरचं चुकलं नाही, नंतरचं केलंस तू." मग जरा वेळाने, "डॉक्टरांकडे शेजारी बसला होतास. पाणी आणून दिलंस मला. निदान तिथे तरी काही वेडंवाकडं बोलला नाहीस."

मी रायफल उचलून कपाटात ठेवायला नेली.

इथे मी दुसऱ्यांदा तिच्यासमोर खरं गिळलं. पहिल्या वेळी आठ माणसं होती. काल कुणी नव्हतं.

परतताना तिने खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हिशेब मांडावा तसं म्हटलं, "म्हणजे रायफलीचं मी केलं नव्हतं. बरं झालं. पण मग डॉक्टर 'पण' का म्हणाले? त्यांना तर रायफल माहीतच नव्हती. त्यांना काहीतरी दिसलं असणार." आणि मग, "नको. सही करून टाकते. दुकान म्हणजे काही कागदाचं टार्गेट नव्हे."

मी तिला दारात सोडलं. गाडी वळवताना दगडाला घासली.

*

आज सकाळी साडेनऊला दुकानात गेलो. ताई काउंटरमागे होती. त्या बाई कागदांची फाईल घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं होती, एक खोकणारे आजोबा आणि एक बाई, तिच्या कडेवर झोपलेलं मूल.

"आता काय?" ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, जरा आत ये.

"जे आहे ते इथे बोल. आत जायचे दिवस गेले तुझे."

"डॉक्टरांनी मला विचारलं होतं. तू रक्त द्यायला गेलीस तेव्हा. घरच्यांना काही जाणवतं का म्हणून."

तिने आजोबांच्या खोकल्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावली, कडा दाबल्या.

"मग?"

"मी 'कधी कधी' म्हणालो."

फाईलवाल्या बाईंनी फाईल मांडीवरून काढून छातीशी धरली. आजोबा खोकायचे थांबले. ताईने बाटली त्यांच्या हातात दिली, दिवसातून दोनदा, जेवल्यावर, असं सांगितलं आणि त्यांनी पैसे पुढे केले ते घ्यायचं विसरली. आजोबांनी ते हळूच काउंटरवर ठेवले. तेवढं एकच ती विसरली, आणि त्याला कारण मी होतो.

"जाणवायचं का तुला काही?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "खरं सांग. एकदा तरी?"

"नाही. कधीच नाही."

"मग 'कधी कधी' कशाला?"

"रायफलीचं निघालं असतं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी काही फोडलं की बघायची, तसं नव्हतं हे बघणं. समोर नवीन माणूस आला की बघतात तसं होतं. आई तिच्याकडे बघायची, तसं.

तिने फाईलवाल्या बाईंना म्हटलं, "तुम्हाला उगाच खेप पडली. आज सही होणार नाही. झालीच तर पुढे कधीतरी होईल, माझं वय झालं म्हणून होईल." बाई म्हणाल्या, अहो खेपेचं काय एवढं. पण उठल्या नाहीत. कुणीच हललं नाही.

मग तिने खणातून डॉक्टरांचं कार्ड काढलं, दुकानाच्या फोनवर नंबर फिरवला, घंटा वाजायला लागली तसा रिसीव्हर माझ्यासमोर धरला. वायर आखूड आहे. काउंटरवर वाकूनच बोलावं लागतं, गिऱ्हाइकांच्या मध्ये.

पलीकडे बाईचा आवाज होता. पेशंटचं नाव विचारलं, सांगितलं. तारीख विचारली, सांगितली. तुमचं नातं? भाऊ, म्हणालो.

"आणि काय बदलायचंय फाईलमध्ये?"

"मी जे सांगितलं होतं ते. ते खोटं होतं."

"काय होतं? जरा मोठ्याने बोला, इकडे गर्दी आहे."

मुलाला घेतलेल्या बाईने मान दुसरीकडे वळवली. ताई त्या बाईची औषधांची चिठ्ठी वाचत होती, बोट ओळीवर ठेवून, आणि पट्टीतून गोळ्या कापत होती. सहा. तिने परत मोजल्या नाहीत.

मी मोठ्याने बोललो.